हसू येईपर्यंत उभं राहायचं

मग फसीह मियाँ हसले.

दहा महिन्यांत पहिल्यांदा. नुसते ओठ हलले असं नाही. हसू पोटातून आलं, खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोल सावरायला दाराच्या चौकटीला हात टेकावा लागला. बायको कनीज गेल्यापासून सराय मौलसिरी गावात कोणी त्यांचे दात पाहिले नव्हते. आज बसंतच्या, वसंतपंचमीच्या, सकाळी, उंबऱ्यात, चार माणसांना ते दिसले.

चौघांत पुढे होता तहव्वुर, त्यांचा चुलतभाऊ. दादा पीरांच्या दर्ग्यात फसीह मियाँ कव्वाली गात, तेव्हा त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणारा आणि वीस वर्षं त्यांना दुसरा आवाज देणारा. मागे त्यांच्याच चौकीतले, कव्वालीच्या संचातले तिघं, ढोलकवाला, पेटीवाला आणि टाळी धरणारा बुंदू. सगळ्यांच्या टोप्या पिवळ्या. तहव्वुरच्या हातात मोहरीच्या फुलांची जुडी होती, मुठीत मावेल एवढी, दव अजून न सुकलेली.

“घ्या भाईजान,” तहव्वुर म्हणाला. “भाभी असत्या तर तुम्हाला असं बघून त्यांनी आमचेच कान उपटले असते.”

फसीह मियाँनी दोन्ही हात पुढे केले. जुडी घेतली. खाली पाहिलं. पिवळ्याधमक फुलांच्या गर्दीत एक फूल पांढरं होतं, पाकळ्यांच्या कडेला जांभळी झाक असलेलं.

मुळ्याचं.

मग ते हसले.

“हसले,” ढोलकवाला पेटीवाल्याला म्हणाला. हळूच म्हणाला.

*

मोहरीचं फूल का द्यायचं, हे सरायमध्ये कोणीही सांगेल. फार पूर्वी दिल्लीत एका अवलियाचा लाडका भाचा गेला आणि अवलियाचं हसू गेलं. मुरीद, त्याचे शिष्य, हवालदिल झाले. त्यांतल्या एकानं बायकांना मोहरीची फुलं घेऊन देवळाकडे जाताना पाहिलं. विचारलं तर त्या म्हणाल्या, देवाला खूश करायला चाललोय. तो तस्साच पिवळं पांघरून, फुलं हातात धरून आपल्या पीरासमोर डुलत उभा राहिला. पीर हसले. एवढीच गोष्ट. मोहरीच्या फुलाला वास असा नाही, ते पाण्यात ठेवलं तर दोन दिवस टिकत नाही, आणि त्याच रोपाची घरोघर भाजी होते. पण थंडी सरता सरता शेतं त्यानं भरून जातात. ते कोणाच्या हातात ठेवणं म्हणजे एवढंच सांगणं, की तुझं दुःख मला दिसलंय, आता पुरे.

सरायनं त्याला आपले कायदे जोडले. बसंतला मातीचा गडवा मोहरीनं भरायचा. चौकीच्या म्होरक्यानं तो डोक्यावर घेऊन शेतापासून दर्ग्यापर्यंत गात जायचं. गडवा ज्याच्या डोक्यावर, वर्षभर चौकी त्याची. मात्र गडवा उचलण्याआधी त्यातली पहिली जुडी काढून त्या घरी न्यायची, जिथे यंदा सगळ्यांत मोठा घाव बसलाय. ती दारात उभं राहून द्यायची, आणि घेणारा हसेपर्यंत देणाऱ्यानं हलायचं नाही. बसायचं नाही, पाणी मागायचं नाही. मग दर्ग्याच्या अंगणात, सगळ्यांदेखत, देणारा विचारतो की फुलं पोहोचली का, आणि घेणारा म्हणतो, पोहोचली. तेवढं झालं की गडवा मजारीवर, पीरांच्या कबरीवर, जातो.

देणारा उभा, घेणारा बसलेला. त्या दिवशी घेणारा गात नाही, ऐकतो.

फसीह मियाँनी सव्वीस वर्षं फुलं दिली होती. विणकराच्या एका विधवेच्या दारात ते दुपारच्या नमाजपर्यंत उन्हात उभे राहिले होते. तिला अखेर हसू फुटलं ते त्यांच्या नाकावर बसलेल्या मधमाशीमुळे. घ्यायची पाळी कधी आलीच नाही. वडिलांच्या काळात एकदा घरातलंच माणूस गेलं, तरी वडील फुलं घेऊन दुसऱ्याच्या दारी गेले. गडवावाल्याला कोण फुलं देणार? म्हणून यंदाची पहिली जुडी इद्रीस शिंप्याच्या आईला द्यायची, असं फसीह मियाँनी मनाशी पक्कं केलं होतं.

घेणाऱ्याच्या जागेवरून हा रिवाज कसा दिसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दारात भाऊ आला, फुलं दिली, त्यांनी घेतली. भावानं भावाला दिली, एवढंच त्यांना वाटलं.

*

आता मुळा.

कनीज बरेलीची, शहरातल्या गल्लीत वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या बसंतला सासूनं तिला मोहरीची फुलं आणायला धाडलं, तर ती ओटीभर मुळ्याची घेऊन आली. सासूनं कपाळावर हात मारला. ही पिवळी नाहीत एवढंही दिसलं नाही का, म्हणून विचारलं. कनीज म्हणाली, “मला वाटलं, अजून पिकायची आहेत.”

पुढे गडवा फसीह मियाँच्या डोक्यावर आला. तो भरायचं काम घरच्या बाईचं. कनीज वाळूत एकेक जुडी खोचायची, वरून पिवळं कापड बांधायची, आणि मधोमध, कोणाला दिसणार नाही असं, मुळ्याचं एक फूल दडवायची. गडवा त्यांच्या डोक्यावर ठेवताना कानाशी फक्त म्हणायची, “आत आहे.” मग सगळी सराय फुलं उधळत असायची, लोकांच्या डोळ्यांत पाणी असायचं, आणि फसीह मियाँ गालाचं आतलं मांस दातांत धरून चालत असायचे. सव्वीस वर्षं दादा पीरांना मोहरीबरोबर मुळाही पोहोचला. दादा पीरांनी कधी तक्रार केली नाही.

हे दोघांनाच ठाऊक होतं. नंतर तिघांना, कारण गडवा भरायला शिकताना मुलीला, नुजहतला, कळलंच.

*

तहव्वुर आणि मंडळी थांबली नाहीत. भाईजान, तुम्ही सावकाश या, चहा घ्या, आम्ही पुढे होतो, असं म्हणून गेली. गडव्याचं काय, असं फसीह मियाँनी विचारलं, तेव्हा उत्तर आतून आलं, नुजहतचं. कुंभार परस्पर शेतावर पोहोचवणार होता ना अब्बा, काल नाही का सांगितलं. काल तिनं हे खरंच सांगितलं होतं.

तिनं आल्याचा चहा आणून ठेवला. त्यांचा चेहरा पाहून तीही उजळली.

“हसलात?”

“तुझ्या अम्मीनं हसवलं,” ते म्हणाले, आणि तिला जुडी दाखवली. बघ, म्हणाले, बांधावरचं एखादं फूल कापणाऱ्याच्या हाती लागलं असणार. पण लागावं आजच, यावं याच दारात. अल्लाच्या कारभारात कुठे कोणाचा हात असतो, सांगता येत नाही.

नुजहत चुलीकडे वळली. दूध उतू जातंय म्हणाली. दूध उतू जात नव्हतं, पण ते आता कळतं.

फसीह मियाँनी पिवळा अंगरखा काढून घातला, जुडी त्याच्या खिशात खोचली आणि निघाले. वाटेत ओठांतल्या ओठांत सूर लावून पाहिला. दहा महिने रोज फज्रनंतर, पहाटेच्या नमाजनंतर, ते मागच्या खोलीत गळा घासत होते. खालचं सगळं ठीक होतं. पंचमाच्या वर गेलं की आवाज फाटायचा, जुनं धोतर फाटावं तसा, एकदम आणि लांबवर. पण आज छाती मोकळी झाली होती. आज लागेल, असं त्यांना वाटत होतं. लागला नाही तर…

*

शेतावर कोणी नव्हतं.

चिखलात पावलांची गर्दी होती, पाकळ्या पडल्या होत्या, सुतळीचा एक तुकडा होता. बांधाला बसून एक म्हातारी भाजीसाठी कोवळी मोहरी खुडत होती. तिनं मान वर केली.

“मियाँ, इकडे कुठे? गडवा तर केव्हाच गेला. तहव्वुर मियाँच्या डोक्यावर.” मग त्यांच्या खिशाकडे पाहून म्हणाली, “घेणारे तुम्हीच ना यंदा? मग जा की, बसायला जागा ठेवली असेल.”

*

तीच सकाळ, पुन्हा.

चौघं आले. बोलवायला एक पुरतो. चौघं साक्षीला लागतात.

टोप्या पिवळ्या. त्या दर्ग्यात गेल्यावर घालतात. शेतावर जायच्या आधी पिवळं असतं फक्त देणाऱ्याच्या आणि त्याच्या माणसांच्या डोक्यावर.

जुडीवरचं दव सुकलेलं नव्हतं, आणि बुडाशी ओली वाळू चिकटली होती. गडव्यातली वाळू. ती अंगठ्याला लागली होती, त्यांनी अंगरख्याला पुसलीही होती.

“भाभी असत्या तर.” हे तहव्वुर म्हणाला, तेव्हा आवाज खरा होता. हेच सगळ्यांत वाईट. तो आवाज वीस वर्षं त्यांच्या कानाशी होता, त्यातला खोटा सूर त्यांना झोपेतही कळला असता. खोटा नव्हता.

तहव्वुर उभा होता. पाय जवळ, पाठ ताठ. पाहुणा असा उभा राहत नाही. देणारा राहतो.

“हसले,” ढोलकवाला म्हणाला.

आणि मुळ्याचं फूल. तहव्वुरला मुळा माहीत नव्हता. ढोलकवाल्याला नव्हता, बुंदूला नव्हता. तिघांना ठाऊक होतं. त्यांतली एक कबरीत होती, आणि एकाच्या खिशात आत्ता जुडी होती.

*

अंगणात जागा ठेवली होती. पुढच्या ओळीत, पांढरी चादर, वर उशी. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, कोणी खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती जी फसीह मियाँनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी पाहिली होती. दर्ग्याचे गादीवाले अच्छे साहेब स्वतः उठून दोन पावलं पुढे आले. बसा, म्हणाले, आज तुमचा दिवस आहे.

ते बसले. उभं राहून काय सांगायचं, ते सुचेना.

तहव्वुर गात आत आला. डोक्यावर गडवा, दोन्ही बाजूंना पिवळ्या चादरी धरलेल्या. गडवा डोक्यावर असला की मान झुकवता येत नाही, नजर समोरच्या भिंतीवर ठेवावी लागते. पुढ्यात कोण बसलंय ते पाहावं लागत नाही. ही सोय फसीह मियाँच्या आजवर लक्षात आली नव्हती.

दुसरा आवाज देणाऱ्याचं काम काय असतं? म्होरक्या जिथे श्वास घेतो तिथे शिरायचं, म्हणजे सूर तुटलेला कोणाला कळत नाही. फसीह मियाँ कुठे श्वास घेणार, हे तहव्वुरला त्यांच्याआधी कळायचं. यंदा त्यांनी दहा महिन्यांचा श्वास घेतला होता, आणि तो शिरला होता.

गाणं थांबलं.  तहव्वुरनं भिंतीकडे बघत विचारलं:

“फुलं पोहोचली?”

नाही म्हटलं तर गडवा इथेच उतरतो. पण खोटं बोलायचं, तेही दादा पीरांच्या मजारीपासून सात पावलांवर? फुलं पोहोचली होती. दोन्ही हातांनी घेतली होती. हसू आलं होतं.

एक वाट मात्र होती, आणि ती खरी होती. खिशातलं ते पांढरं फूल काढायचं, वर धरायचं, आणि म्हणायचं की मला मोहरीनं नाही हसवलं, मुळ्यानं हसवलं. मोहरीशिवाय दुसरं काही असलेली जुडी जुडीच नव्हे. अच्छे साहेबांना हे मानावंच लागलं असतं. गडवा उतरला असता, पुन्हा भरावा लागला असता, आणि मग कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न सगळ्यांसमोर आला असता.

त्यांची बोटं खिशात गेली. देठ सापडला. मुळ्याचा देठ मोहरीपेक्षा खरखरीत असतो, न बघता ओळखू येतो.

पण मग कोणीतरी विचारणार, मुळ्याच्या फुलाचं हसू का आलं? आणि ते सांगितलं की सव्वीस वर्षांचे सगळे गडवे उलगडणार. फसीह मियाँच्या घरची बाई दरसाल पीराच्या गडव्यात मुळा खोचत होती. अच्छे साहेबांचा चेहरा, बायकांच्या जाळीमागची कुजबुज. जिचा चाळिसावा सगळ्या गावानं मान खाली घालून केला, तिच्यावर उद्या विहिरीवर तोंडं सुटणार. कनीजची एवढी एकच लबाडी होती. ती त्यांच्या कानात ठेवलेली होती.

देठ त्यांनी सोडला.

“पोहोचली,” ते म्हणाले.

आवाज एवढा साफ लागला की मागच्या कमानीखाली बसलेल्यांनीही ऐकला. एक रेघ नाही, एक चीर नाही. लोक ‘वाह’ म्हणाले.

गडवा मजारीवर गेला. तहव्वुर खाली बसला, मधोमध, आणि त्यानं गायला घेतलं. पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यानं श्वास घेतला, आणि त्या जागेत कोणी शिरलं नाही. तिथे शिरणारा आजवर तोच होता. अर्धा क्षण अंगण पोकळ झालं. समोर चादरीवर बसलेल्या फसीह मियाँचं तोंड आपोआप उघडलं होतं, सूर टाळूपर्यंत आला होता.

त्यांनी तोंड मिटलं. ढोलकवाल्यानं थाप मारून ती जागा भरली. तेव्हा तहव्वुरनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

*

घरी केशरी भाताचा, जर्द्याचा वास होता. नुजहत चुलीपाशी होती. ते दारातच थांबले.

“गडवा कोणी भरला?”

ती वळली नाही. “मी. काल दुपारी. चाचांच्या अंगणात.”

“कुंभाराचं सांगितलंस ते?”

“खोटं होतं.”

“मुळा घातलास? गडव्यात?”

“नाही.” चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, “तो फक्त तुमच्या जुडीत.”

म्हणजे यंदा दादा पीरांना नुसती मोहरी मिळाली. इतकं सगळं झाल्यावर हेच का टोचावं, त्यांना कळेना. पण टोचलं ते हेच.

तहव्वुरला काय सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. काही नाही, ती म्हणाली. चाचा म्हणत होते की भाईजान हसले नाहीत तर मी संध्याकाळपर्यंत उभा राहीन, पण मग गडव्याचं काय. तेव्हा तिनं ते फूल आपल्या हातानं खोचलं, आणि एवढंच म्हणाली की हे असू द्या, अब्बा हसतील. का, ते सांगितलं नाही.

“चाचा वाईट नाहीत,” ती म्हणाली. “तेच आले होते माझ्याकडे. रडले. म्हणाले, भाईजानचा आवाज सगळ्या सरायसमोर फाटला तर मी बघू शकणार नाही.”

“आणि तू?”

आता ती वळली. “मी भिंतीपलीकडे झोपते, अब्बा. रोज ऐकते. पंचमावर गेलं की फाटतो. तुम्ही थांबता, खाकरता, पुन्हा घेता, पुन्हा फाटतो. मग तुम्ही खूप वेळ गप्प असता. ते मला ऐकवत नाही.”

“फाटू द्यायचा होता.”

“लोकांसमोर?”

“माझा आहे. कुठे फाटायचं ते मी ठरवलं असतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मला विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही गेला असता.”

“हो,” फसीह मियाँ म्हणाले. “गेलो असतो.”

 चूक केली असं नुजहत म्हणाली नाही, आणि तिला ते वाटतही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. तिला वाईट वाटत होतं ते त्यांना कळलं याचं.

सकाळी इथेच, याच उंबऱ्यात, कनीज आली होती असं त्यांना वाटलं होतं. दिवसभरात काय काय गेलं, चौकी गेली, भाऊ गेला, ते कुठेतरी सोसवलं असतं. पण मेलेल्या बायकोनं धाडलेला निरोप मुलीनं लिहिलेला निघावा, हे त्यांना कुठे ठेवावं कळत नव्हतं.

त्यांनी खिशातून जुडी काढली. मोहरी कोमेजून मान टाकू लागली होती. मुळ्याचं फूल अजून ताठ होतं. त्यांनी पाय जुळवले, पाठ सरळ केली, आणि दोन्ही हातांनी जुडी पुढे धरली.

नुजहतनं ओढणीला हात पुसले आणि घेतली. दोन्ही हातांनी. सरायमध्ये लहानपणापासून तसंच शिकवतात. हात आधी पुढे जातात, डोकं मागून येतं. घेतल्यावर तिला कळलं.

तिनं खाली पाहिलं. ते पांढरं फूल, ज्याला तिची आई म्हणाली होती, अजून पिकायचं आहे. या घरात त्या फुलाकडे बघून कधी कोणाला हसू आवरलं नव्हतं. तिनं ओठ ताणून पाहिले. एकदा. मग दुसऱ्यांदा.

“अब्बा, बसा ना,” ती म्हणाली. “सकाळपासून काही खाल्लं नाहीत.”

फसीह मियाँ बसले नाहीत.

चुलीवरचा भात खालून लागल्याचा वास येऊ लागला. कुठूनतरी दर्ग्यातला भोंगा ऐकू येत होता, तहव्वुर गात होता, बरं गात होता. नुजहत जुडी धरून होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तिचे वडील उंबऱ्यात उभे होते, सव्वीस वर्षं उभे राहत आले तसे, घाई नसलेले, तिच्या चेहऱ्याकडे बघत.